ऐन हंगामात पडलेले टाळे

खंडणी मागणारा मुहूर्त पाहून येतो. अमेरिकेच्या एफबीआयने एप्रिल २०२२ मध्ये तिथल्या शेती सहकारी संस्थांना जो इशारा दिला, त्याचा गाभा हाच होता. २०२१ च्या सुगीत तिथल्या सहा धान्य सहकारी संस्थांच्या संगणकांना टाळे लागले होते. २०२२ उजाडल्यावर, बियाणे-खतांची लगबग सुरू होण्याच्या सुमारास, आणखी दोन हल्ले झाले. आयोवा राज्यातल्या ‘न्यू कोऑपरेटिव्ह’कडे ब्लॅकमॅटर नावाच्या टोळीने ५९ लाख डॉलर मागितले, तेव्हा सप्टेंबर महिना होता आणि पीक काढणीला आले होते. संस्थेने आपली संगणकयंत्रणा स्वतःच बंद केली आणि धान्य उतरवून घेण्याचे, पशुखाद्य पोचवण्याचे काम पर्यायी वाटांनी चालू ठेवले. त्याच सुमारास मिनेसोटातल्या ‘क्रिस्टल व्हॅली’ या सहकारी संस्थेवरही घाला पडला. तिला काही काळ कार्डाने पैसे घेता येईनात.

हा मुहूर्त महाराष्ट्रातल्या वाचकाला समजावून सांगायला नको. तोडलेला ऊस ताटकळला की साखरेचा उतारा घटतो. वजनकाटा, ऊसनोंद आणि तोडणीचा क्रम ज्या संगणकावर आहे तो जानेवारीत बंद पडला, तर ट्रॅक्टर आणि बैलगाड्या कारखान्याच्या आवारात उभ्या राहतील आणि फडातला ऊस वाळत पडेल. कायद्याने उसाचे पैसे चौदा दिवसांत द्यायचे असतात, उशीर झाला तर वर पंधरा टक्के व्याज. पण कोणाचा किती टन ऊस आला हेच सापडेनासे झाले, तर बिल कशाच्या आधारे काढणार? दूध तर एक दिवसही थांबत नाही. संकलन केंद्रावर सकाळ-संध्याकाळ फॅट आणि एसएनएफ मोजून पावती निघते, दहा दिवसांनी त्या पावत्यांचे बिल होते आणि त्या बिलावर घरचा किराणा ठरतो. विकास सोसायटीत मार्चअखेरची वसुली असते. मुदतीत कर्ज भरले तरच व्याजसवलत, आणि भरणा कधी झाला याची नोंद संगणकात. हल्लेखोराला यातला तपशील कळण्याची गरज नसते. ही संस्था किती तास बंद राहू शकेल, एवढाच अंदाज त्याला पुरतो.

रॅन्समवेअर म्हणजे संगणकातल्या फायलींना गणिती कुलूप घालून किल्लीसाठी पैसे मागणारी प्रणाली. तिचा पहिला प्रयोग १९८९ चा. जोसेफ पॉप या जीवशास्त्रज्ञाने एड्सविषयी माहिती देणाऱ्या म्हणून वीसेक हजार फ्लॉपी टपालाने पाठवल्या. फ्लॉपी वापरणाऱ्याचा संगणक कालांतराने अडकायचा आणि १८९ डॉलर पनामातल्या एका टपालपेटीवर पाठवायला सांगायचा. ते कुलूप कच्चे होते, सहज उघडता आले. १९९६ मध्ये अॅडम यंग आणि मोटी युंग या संशोधकांनी दाखवून दिले, की दोन किल्ल्यांची कूटपद्धती वापरली तर ज्याचा संगणक अडकला त्याला ते टाळे स्वतःहून उघडता येणारच नाही. कागदावरची ही भीती खरी व्हायला आणखी दीड दशक जावे लागले, कारण पैसे सुरक्षितपणे घ्यायचे कसे, हा खंडणीखोराचा प्रश्न सुटला नव्हता. बिटकॉइनने तो सोडवला. २०१३ च्या क्रिप्टोलॉकरपासून या गुन्ह्याचा धंदा झाला. २०१९ च्या अखेरीस मेझ टोळीने आणखी एक पायरी ओलांडली: आधी माहिती चोरायची, मग टाळे लावायचे, आणि पैसे न दिल्यास चोरलेली माहिती उघड्यावर टाकण्याची धमकी द्यायची. तोवर प्रणाली लिहिणारा वेगळा आणि ती भाड्याने घेऊन हल्ला करणारा वेगळा, अशी कामाची वाटणीही झाली होती. आज सभासदांचे आधार, सातबारा, बँक खाती सांभाळणाऱ्या संस्थेला या दुहेरी धमकीचा विचार करावाच लागतो.

नवी मुंबईतून पाहिले, तर हा विषय परदेशी राहत नाही. तुर्भ्याच्या कृषी उत्पन्न बाजार समितीत कांदा-बटाटा, भाजीपाला, फळे, धान्य आणि मसाला अशी पाच मार्केटे आहेत. लासलगाव, जुन्नर, रत्नागिरी, सांगलीकडून आलेल्या गाड्या रात्रीच्या अंधारात इथे लागतात आणि दिवस वर येईपर्यंत सौदे उरकतात. तिथून काही मैलांवर न्हावाशेवा बंदर. नाशिकची द्राक्षे आणि कांदा इथूनच कंटेनरमध्ये बसून समुद्र ओलांडतात. ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात देशातली मोठमोठी डेटा सेंटर उभी आहेत. आणि महाप्यातच राज्याच्या ‘महाराष्ट्र सायबर’ विभागाचे मुख्यालय आहे. शेतमाल, त्याची वाहतूक, त्याची माहिती आणि त्या माहितीची राखण, चारही गोष्टी एका खाडीच्या काठाला आल्या आहेत.

न्हावाशेव्याने याची किंमत मोजलेली आहे. २७ जून २०१७ रोजी युक्रेनमध्ये नॉटपेट्या नावाची प्रणाली सुटली. ती शिरली एमईडॉक या तिथल्या लोकप्रिय हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अद्ययावत आवृत्तीतून. खंडणीची मागणी हा तिचा मुखवटा होता. पैसे भरूनही काही परत मिळणार नव्हते, कारण तिचा उद्देशच माहिती नष्ट करण्याचा होता. मर्स्क या जहाज कंपनीचा युक्रेनमधला कारभार तिच्या तावडीत सापडला आणि त्या एका धाग्याने ती कंपनीच्या जगभरच्या जाळ्यात पसरली. मर्स्क समूहाकडे चालवायला असलेले न्हावाशेव्याचे गेटवे टर्मिनल ठप्प झाले. बंदराच्या प्रशासनाला गाड्या उभ्या करायला जागा शोधावी लागली, जहाजे शेजारच्या टर्मिनलकडे वळवावी लागली. पुढे मर्स्कने सुमारे चार हजार सर्व्हर आणि पंचेचाळीस हजार संगणक नव्याने उभे केले. कंपनीच्या सगळ्या खात्यांची मूळ नोंदवही एकाच ठिकाणी शाबूत सापडली, ती घानातल्या कार्यालयात, कारण तिथे नेमकी वीज गेलेली होती. मर्स्कने आपले नुकसान वीस ते तीस कोटी डॉलर सांगितले. बंदराच्या फाटकाबाहेर अडकलेल्या मालाच्या धन्याचा हिशेब त्यात धरलेला नव्हता.

त्याआधी २०१६ मध्ये लॉकी या प्रणालीने मंत्रालयातल्या दीडशेच्या आसपास संगणकांना ग्रासले होते. मार्च २०२१ मध्ये औद्योगिक विकास महामंडळाच्या मुख्यालयासह प्रादेशिक कार्यालयांचे कामकाज सायनॅक नावाच्या प्रणालीने थांबवले. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून दोन दिवसांत ९४ कोटींहून अधिक रुपये गेले. तो हल्ला खंडणीचा नव्हता, मुख्यतः बनावट कार्डांनी अठ्ठावीस देशांतल्या एटीएममधून पैसे काढण्याचा होता. पण १९०६ साली स्थापन झालेली, सभासदांच्या विश्वासावर वाढलेली एक मराठी सहकारी बँक जगभरच्या टोळ्यांच्या नजरेत आहे, हे त्या दिवशी उघड झाले.

सहकाराच्या दृष्टीने सर्वांत बोलका प्रसंग मात्र ३१ जुलै २०२४ चा. सी-एज टेक्नॉलॉजीज ही टाटा कन्सल्टन्सी आणि स्टेट बँकेच्या भागीदारीतली कंपनी देशभरच्या लहान बँकांना, त्यातही सहकारी आणि ग्रामीण बँकांना, बँकिंग यंत्रणा पुरवते. तिच्यावर रॅन्समवेअरचा हल्ला झाल्याचे कळताच राष्ट्रीय देयक महामंडळाने तिला किरकोळ देयक व्यवस्थेपासून तोडले. जवळपास तीनशे बँकांच्या खातेदारांना यूपीआय आणि एटीएम वापरता येईना. दुसऱ्या दिवशी जोडणी पूर्ववत झाली. क्लाउडसेक या सुरक्षा कंपनीच्या विश्लेषणानुसार हल्लेखोर आले ते सी-एजला सेवा देणाऱ्या दुसऱ्याच एका कंपनीच्या सर्व्हरमधून, ज्यातली एक जाहीर झालेली त्रुटी दुरुस्त केलेली नव्हती. तीनशे बँकांपैकी एकीनेही चूक केली नव्हती. त्यांच्या संचालकांपैकी किती जणांना त्या मधल्या कंपनीचे नाव तरी ठाऊक असेल?

इथे सहकाराचा इतिहास आठवावा लागतो. १९०४ च्या कायद्याने गावोगाव पतसंस्था निघाल्या, त्या सावकाराच्या चोपडीला उत्तर म्हणून. त्या चोपडीत काय लिहिले आहे हे कुळाला पाहता येत नव्हते. सोसायटीची किर्द-खतावणी सभासदाला पाहण्याचा हक्क होता. धनंजयराव गाडगीळ, वैकुंठभाई मेहता, विठ्ठलराव विखे पाटील यांच्या प्रयत्नातून प्रवरानगरला साखर कारखाना उभा राहिला, तेव्हाही प्रत्येक सभासदाच्या उसाचा टनाटनाचा हिशेब उघड असणे हाच त्याचा पाया होता. नोंद सर्वांची, आणि सर्वांसमोर. म्हणून सहकारी संस्थेच्या नोंदींना टाळे लागते, तेव्हा पैशाबरोबर सभासदाचा शब्दही अडकतो. खासगी कंपनीच्या ग्राहकाला दुसरे दुकान गाठता येते. आपल्याच संस्थेचा भागधारक कुठे जाणार?

संगणकाशी महाराष्ट्राच्या सहकाराची ओळखही जुनी आहे. १९९८ मध्ये वारणा परिसरातल्या सत्तर गावांत, तात्यासाहेब कोरे यांनी उभ्या केलेल्या सहकारी संकुलाच्या आधाराने, ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. गावातल्या केंद्रावर येऊन शेतकऱ्याने ऊसनोंद, तोडणीची पाळी, बिल पाहावे, ही कल्पना. काही वर्षांनी तिथेच सात गावांत संगणकाऐवजी मोबाइलच्या संदेशांवर तेच काम करून पाहण्यात आले आणि ते शेतकऱ्यांना सोयीचे वाटले. या प्रयोगांतून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. व्यवस्था जितकी साधी, तितकी ती पडल्यावर उभी करायला सोपी.

आता चित्र फार मोठे झाले आहे. जून २०२२ मध्ये केंद्राने देशातल्या ६३ हजार प्राथमिक कृषी पतसंस्था एकाच राष्ट्रीय सॉफ्टवेअरवर आणण्यासाठी २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. नाबार्ड ती राबवते आणि पुढे संस्थांची संख्या आणखी वाढली. महाराष्ट्रातल्या सुमारे बारा हजार सोसायट्या तीत आहेत. हे पाऊल चांगले आहे. वर्षानुवर्षे रखडलेले लेखापरीक्षण, हरवलेल्या वह्या, एकाच माणसाच्या हाती असलेला हिशेब यांतून सोसायटी बाहेर येईल. गावातल्या संगणकावर टाळे पडले तरी मूळ माहिती दुसरीकडे सुरक्षित राहील, हाही फायदा. पण सी-एजच्या घटनेने दाखवलेला धोकाही त्याच्याबरोबर येतो: सगळ्यांची नोंद एका छताखाली आली, की एका छताची गळती सगळ्यांच्या घरात. या दोन्ही बाजू एकत्र धरून बोलणारे लेखन मराठीत जवळजवळ नाही, आणि हे पुस्तक हाती घेण्याचे तेच कारण आहे.

बचावाच्या विचारातही पंथ आहेत. सर्वांत जुना पंथ तटबंदीचा: अँटिव्हायरस, फायरवॉल, संशयास्पद ईमेल उघडू नका, पासवर्ड बदला. तो आवश्यक आहे. मे २०१७ मध्ये वॉनाक्रायने दीडशे देशांत धुमाकूळ घातला, तेव्हा ज्या त्रुटीतून तो शिरला तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच दिलेली होती. पण तटबंदीवर सगळा भार टाकणारी संस्था आत शिरलेल्या चोरापुढे हतबल होते. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्समधले पाच सर्व्हर अडकले आणि दोन आठवडे केसपेपर हाताने लिहावे लागले. जाळ्याचे कप्पे नीट पाडलेले नसल्याने हल्ला आत पसरू शकला, असे सरकारने संसदेत सांगितले. दुधाचे बिल, पेट्रोल पंप, वजनकाटा आणि अध्यक्षांच्या केबिनमधला संगणक एकाच जाळ्यावर असेल, तर कारखान्यातही तेच होईल.

दुसरा पंथ सावरण्याचा. हल्ला होणारच असे धरून चालायचे आणि परत उभे राहण्याची तयारी ठेवायची. माहितीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, एक दुसऱ्या जागी, हे त्याचे मूळ सूत्र. तिसरा पंथ पोलीस आणि कायद्याचा. २०१६ मध्ये युरोपोल, डच पोलीस आणि सुरक्षा कंपन्यांनी ‘नो मोअर रॅन्सम’ हे संकेतस्थळ सुरू केले. ज्यांच्या किल्ल्या हाती लागल्या आहेत अशा कुलपांची सोडवणूक तिथे फुकट मिळते. फेब्रुवारी २०२४ मध्ये अनेक देशांच्या पोलिसांनी मिळून लॉकबिट टोळीची यंत्रणा ताब्यात घेतली. खंडणी द्यावी की नाही, यावर मात्र जगाचे एकमत नाही. मे २०२१ मध्ये हल्ला झाल्यावर मांस प्रक्रिया करणाऱ्या जेबीएस कंपनीने एक कोटी दहा लाख डॉलर देऊन सुटका करून घेतली. या पुस्तकाची भूमिका स्पष्ट आहे: सहकारी संस्थेचा पैसा सभासदांचा आहे, आणि तो गुन्हेगाराला देण्याची वेळच येऊ नये अशी तयारी करणे हे संचालकांचे कर्तव्य आहे.

चौथा विचार अजून बाळसे धरतो आहे, तो सामूहिक संरक्षणाचा. एकट्या सोसायटीला सुरक्षातज्ज्ञ ठेवणे परवडणार नाही. जिल्ह्यातल्या सगळ्या सोसायट्यांना मिळून परवडेल. नागरी सहकारी बँकांसाठी मार्च २०२४ मध्ये सुरू झालेल्या शिखर संस्थेच्या कामांत तंत्रज्ञानाचे साह्य हेही एक आहे. अमेरिकेत अन्न आणि शेती क्षेत्रातल्या कंपन्या हल्ल्यांची माहिती एकमेकींना देण्यासाठी एकत्र आल्या आहेत. आपल्याकडे मात्र हल्ला झालेली संस्था बहुधा गप्प बसते. ठेवीदार घाबरतील, निवडणुकीत विरोधक मुद्दा करतील, ही भीती खरी असते. पण त्या गप्प बसण्याने शेजारच्या तालुक्यातली संस्था त्याच सापळ्यात अडकते.

नियमांचे जाळेही सलग नाही. नागरी सहकारी बँकांना रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०१८ मध्ये सायबर सुरक्षेची चौकट घालून दिली आणि डिसेंबर २०१९ मध्ये ती टप्प्याटप्प्यांची केली. जिल्हा बँकांना नाबार्डची चौकट आहे. प्राथमिक सोसायट्या बँकिंग कायद्याच्या बाहेर आहेत. साखर कारखाना, दूध संघ, सूतगिरणी, खरेदी-विक्री संघ यांना सायबर सुरक्षेविषयी विचारणारा खास कोणी नाही. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेचा एप्रिल २०२२ चा आदेश तेवढा सर्वांना गाठतो: हल्ला लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायचे आणि यंत्रणेच्या नोंदी १८० दिवस जपायच्या. सहकारी संस्थांनी आपण यातून सुटलो असे समजू नये.

या सगळ्या चौकटींखाली प्रत्यक्ष जागा कशी दिसते? सोसायटीच्या कार्यालयात एक संगणक. गटसचिवाकडे तीन-चार गावे, म्हणून पासवर्ड ऑपरेटरलाही माहीत आणि कधी दुकानातल्या मुलालाही. सॉफ्टवेअरवाला लांब तालुक्याला, म्हणून दुरून संगणक चालवायची सोय कायम उघडी. तिचा क्रमांक भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेनने लिहिलेला. बॅकअप आहे, रोज घेतला जातो, पेन ड्राइव्हवर. तो पेन ड्राइव्ह मात्र संगणकाला चोवीस तास लावलेला. टाळे पडेल तेव्हा मूळ फाइल आणि तिची प्रत एकाच क्षणी अडकतील. यात कोणाचा आळस नाही. सचिवाला कधी कोणी सांगितलेच नाही, की प्रत घेतल्यावर पेन ड्राइव्ह काढून तिजोरीत ठेवायचा असतो, आणि महिन्यातून एकदा ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून पाहायची असते. यंत्र जिवाशी जोडलेले असेल तर चूक किती महाग पडते, हे स्वित्झर्लंडमध्ये दिसले. एका शेतकऱ्याच्या दूध काढणाऱ्या स्वयंचलित यंत्राचा संगणक कुलूपबंद झाला. गाभण गाईची माहिती वेळेत मिळाली नाही, वासरू पोटात दगावले आणि मग गायही गेली.

हे पुस्तक संगणकतज्ज्ञांसाठी लिहिलेले नाही. गटसचिव, शाखाधिकारी, कारखान्याचा शेती अधिकारी, दूध संघाचा संकलन प्रमुख, लेखापरीक्षक आणि सर्वांत आधी संचालक, हा त्याचा वाचक. संचालक मंडळ ट्रॅक्टरच्या टायरच्या निविदेवर तासभर बोलते. सॉफ्टवेअरचा करार बहुधा दोन मिनिटांत मंजूर होतो. माहिती कुठे ठेवली जाईल, तिची प्रत कोणाकडे, पुरवठादारावर हल्ला झाला तर किती तासांत कळवेल, करार संपला तर आमची माहिती कोणत्या रूपात परत देईल, हे प्रश्न करारावर सही करण्यापूर्वी विचारायचे असतात. ते कसे विचारायचे आणि कोणते उत्तर समाधानकारक मानायचे, यावर पुस्तकाचा मोठा भर आहे.

तांत्रिक शब्द इथे टाळलेले नाहीत, पण प्रत्येकाला सोसायटीच्या कामातले उदाहरण जोडले आहे. घटना सांगताना जे जाहीर झाले आहे तेवढेच घेतले आहे. हल्ल्याच्या पहिल्या तासाची कृती वेगळ्या पानावर आहे, भिंतीवर लावता येईल अशी: संगणकाची जाळ्याची वायर काढा, फॉरमॅट करू नका, पडद्यावरच्या संदेशाचा फोटो घ्या, जिल्हा बँकेला आणि सॉफ्टवेअरवाल्याला फोन करा, देशपातळीवरच्या १९३० किंवा राज्याच्या १९४५ या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवा. त्यापुढचे दिवस कागदावर कसे काढायचे, वजनपावतीचे आणि दूधनोंदीचे छापील नमुने कुठे तयार ठेवायचे, आणि नंतर त्या हाताने लिहिलेल्या नोंदी संगणकात कोणाच्या सहीने चढवायच्या, याचाही विचार केला आहे. संगणक येण्यापूर्वी ज्यांनी हे काम वह्यांवर केले ते अनेक सचिव आणि काटा-कारकून अजून गावात आहेत. त्यांना बोलावून तरुण कर्मचाऱ्यांकडून एक दिवस तसे काम करून घ्यावे, ही सूचना या पुस्तकातली सर्वांत स्वस्त आणि कदाचित सर्वांत उपयोगी आहे.

शेवटी सभासदांच्या सभेत मांडायच्या एका ठरावाचा मसुदा दिला आहे. सहकार कायद्यानुसार वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते, आणि कारखान्यांचे बॉयलर पेटतात ते बहुधा त्यानंतर. बॅकअपची वर्षातून दोनदा चाचणी, पुरवठादाराशी केलेल्या कराराची तपासणी आणि हल्ला झाल्यास सभासदांना किती दिवसांत खरे सांगायचे, एवढे तीन मुद्दे त्या ठरावात आहेत. सूचक आणि अनुमोदक यांच्या नावांसाठी जागा कोरी सोडली आहे.